ग्रुपमध्ये वाजलं... आता तुम्ही कुठे उभे?

भांडण परक्याशी असेल तर दोस्ताची बाजू घेणं एकदम सोप्पं. पण भांडण आपल्याच गँगमध्ये झालं तर? उत्तर शोधायला चला थेट बुलढाण्याला. तेही जवळजवळ दीडशे वर्षं मागे!

सीन ओळखीचा आहे. पंधरा-वीस जणांची मस्त जमलेली टोळी असते. कधी ऑफिसातली, कधी ट्रेकिंगची, कधी नाटकाची, कधी सोसायटीच्या गणपतीची. सगळं छान चाललेलं असतं आणि एक दिवस त्यातलीच एकजण काहीतरी बोलून जाते. जरा जास्तच स्पष्ट, जरा जास्तच खरं. मग काय, पाच मिनिटांत वातावरण टाइट! दोघं-तिघं तिच्यावर तुटून पडतात, एकजण 'जाऊ द्या ना यार' म्हणतो आणि उरलेले दहाजण अचानक प्रचंड बिझी होतात.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. रात्री तिच्या मोबाइलवर एकेक मेसेज यायला लागतात. 'मी तुझ्याच बाजूने आहे गं. फक्त तिथे बोलले नाही, उगाच वाढलं असतं.' असे सात मेसेज. म्हणजे तिच्या बाजूने सात माणसं होती. पण जिथे ती एकटी पडली, तिथे त्यांतला एकही नव्हता.

ह्या गुपचूप पाठिंब्याला काय म्हणायचं? मैत्री म्हणायची की सोय? प्रश्न अवघड आहे, कारण प्रत्येकाकडे न बोलण्याचं चांगलं कारण असतं. ग्रुप तुटेल. बॉसला कळेल. समोरचाही आपला मित्रच आहे. शिवाय ती जरा जास्त बोललीच ना? ही सगळी कारणं खरी असतात. म्हणून तर परक्यांशी भांडताना शूर असलेली माणसं आपल्या माणसांसमोर गप्प होतात.

पण ही काही मोबाइलच्या जमान्यातली नवी आफत नाही. आपल्याच मंडळींत आपलं माणूस एकटं पडलं तर काय करायचं, ह्याचा एक सॉलिड किस्सा मराठी मुलखात घडून गेलाय. त्याची नायिका बुलढाण्याची आहे.

बुलढाण्याची ती

बुलढाणा म्हटलं की बहुतेकांना काय आठवतं? लोणारचं सरोवर, शेगावचे गजानन महाराज, जिजाऊंचं सिंदखेड राजा. विकेंडला समृद्धी महामार्गावरून गाडी दामटत ह्यातलं एखादं ठिकाण तुम्ही केलंही असेल. पण ह्याच बुलढाण्यात १८५० च्या सुमारास जन्मलेल्या ताराबाई शिंदे बऱ्याचजणांना परीक्षेतल्या एका मार्काच्या प्रश्नापलीकडे ठाऊक नसतात.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेलं. म्हणजे आजच्या भाषेत बापूजी चांगल्या सरकारी जॉबवाले, शिकलेले, घरात पुस्तकं-वर्तमानपत्रं येणारे. १८७१ मध्ये त्यांनी स्वतःही एक छोटं पुस्तक काढलं होतं. शिकलेल्या हिंदी लोकांना चार गोष्टी सुनावणारं. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला, त्या समाजाशी हे शिंदे घराणं जोडलेलं होतं.

बापूजींना चार मुलगे आणि ही एकच लेक. आसपास मुलींची शाळा नव्हती. बापूजींनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. लग्न लहानपणीच झालं, पण नवरा घरजावई होऊन आला. त्यामुळे सासरी जाऊन डोक्यावर पदर घेऊन वावरण्याचा जाच ताराबाईंच्या वाट्याला इतर बायकांच्या मानाने कमी आला. मुलीच्या हातात वेळ होता, डोक्यात विचार होते आणि जिभेला धार होती. फक्त ठिणगी पडायची बाकी होती.

ठिणगी सुरतेची, भडका बुलढाण्याचा

ती ठिणगी पडली १८८१ मध्ये. सुरतेकडची विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा. विधवेला पुन्हा लग्न करायची सोय नाही. दिवस गेले, मूल झालं आणि लोकलज्जेच्या भीतीने तिने ते मूल मारलं. कोर्टाने तिला फाशी सुनावली. पुढे अपिलात फाशी रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

देशभर चर्चा झाली. पुण्यातल्या 'पुणे वैभव' ह्या सनातनी वर्तमानपत्राने ह्या प्रकरणाचं निमित्त करून बायकांच्या चालचलणुकीवरच तोंडसुख घेतलं. हल्लीच्या बायका बिघडल्यात, असा एकूण सूर. ओळखीचा वाटतो ना? घटना एकीची, आणि फटके अख्ख्या जातीला!

तो मजकूर वाचून बुलढाण्यातल्या ताराबाई खवळल्या. विजयालक्ष्मी त्यांची कोण होती? कोणीच नाही. ना नात्याची, ना जातीची, ना गावाची. पण त्यांनी लेखणी उचलली आणि १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून 'स्त्रीपुरुषतुलना' नावाचं पुस्तक बाहेर पडलं. बाई आणि पुरुष ह्या दोघांत 'साहसी' कोण, असा सवाल त्यांनी मुखपृष्ठावरच टाकला. इथला 'साहस' हा शब्द बंजी जंपिंगवाला नव्हे बरं का. त्या काळी साहस म्हणजे वाईट धाडस, दुष्कर्म.

मुद्दा सरळ होता. जे जे दुर्गुण बायकांच्या नावावर खपवले जातात, ते ते पुरुषांत आहेत की नाहीत, हे एकेक करून तपासून बघू या. फसवणारा कोण, सोडून जाणारा कोण आणि शेवटी शिक्षा कुणाला? ताराबाईंनी कुणालाच सोडलं नाही. पोथ्या लिहिणारे, देवादिक, बायकांना सजवून रडवणाऱ्या 'मुक्तामाला'-'मंजुघोषा'सारख्या कादंबऱ्या लिहिणारे, सगळ्यांना फैलावर घेतलं. आणि इथेच गोची झाली. कारण त्या फक्त सनातन्यांवर थांबल्या नाहीत. सभा भरवून सुधारणेवर टाळ्या घेणारे आणि घरी येऊन काहीच न करणारे पुरुषही त्यांच्या तडाख्यात सापडले.

घरचा अहेर

विरोधी कंपूने शिव्या घातल्या असत्या तर त्याचं काही वाटलं नसतं. तो तर अपेक्षितच होता. पण ताराबाईंवर आपल्याच गोटातून टीका झाली. जातिभेदाविरुद्ध, भटशाहीविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या मंडळींपैकी काहींना ही बाई जास्तच बोलली असं वाटलं.

त्यांच्या जागी उभं राहून बघा. सगळीकडून मार खाणारी छोटीशी चळवळ. पैसा नाही, सत्ता नाही. जे दोन-चार पेपर आहेत ते कसेबसे चालतात. अशा वेळी आपल्यातलीच एकजण उठते आणि म्हणते, 'पुरुष म्हणून तुम्हीही त्यातलेच.' मग साहजिकच वाटणार की ही वेळ आहे का हे बोलायची? आधी मोठी लढाई जिंकू, मग बायकांचं बघू. हा डायलॉग आजही प्रत्येक संघटनेत, प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक ग्रुपमध्ये ऐकू येतो. फक्त 'बायकांचं' ह्या शब्दाच्या जागी दुसरा कुठलातरी शब्द असतो.

त्यातून जोतीरावांच्या मंडळींत त्या वर्षांत सगळं आलबेल नव्हतं. स्वतः जोतीरावांनाही त्याची झळ बसली होती. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ मध्ये लिहून पुरा केला. 'दीनबंधु' हे चळवळीतलं आपलंच पत्र. त्याने पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं थांबवलं. मजकूर जास्तच जहाल होता! म्हणजे मित्रांच्या पेपरात जागा मिळत नाही, हा अनुभव खुद्द नेत्यालाही आलेला. अशा वेळी एखाद्या नेत्याने काय केलं असतं? आहेत ती माणसं सांभाळली असती. एका बुलढाण्याच्या बाईसाठी कशाला आणखी चार जणांना दुखवा?

जोतीरावांचा स्टँड

जोतीरावांनी नेमकं उलटं केलं. १८८५ मध्ये त्यांनी 'सत्सार' नावाच्या छोट्या पुस्तिका काढायला सुरुवात केली. त्याचे दोन अंक निघाले. त्यात त्यांनी दोन बायकांची बाजू घेतली. एक पंडिता रमाबाई. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणून सगळा महाराष्ट्र त्यांच्यावर चिडलेला. आणि दुसऱ्या आपल्या ताराबाई.

ताराबाईंचा उल्लेख जोतीराव 'चिरंजीविनी' असा करतात. चिरंजीव हा शब्द आपण मुलासाठी वापरतो. लग्नपत्रिकेत 'चि.' असतो ना, तोच. जोतीरावांनी त्याचं स्त्रीलिंग करून तो ताराबाईंना लावला. म्हणजे सगळ्यांना छापील शब्दांत कळवून टाकलं की ही माझ्या लेकीसारखी आहे, हिला बोलायचं असेल तर आधी माझ्याशी बोला.

नुसती माया असती तर ती घरी बोलावून जेवू घालूनही दाखवता आली असती. जोतीरावांचं वेगळेपण असं की त्यांनी हे उघडपणे, छापून आणि आपल्याच माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात केलं. आणि नुसतं 'ती माझी आहे' एवढंच म्हटलं नाही, तर 'ती म्हणते ते बरोबर आहे' हेही सांगितलं. ह्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात माणूस वाचतो. दुसऱ्यात माणूस आणि त्याचा मुद्दा, दोन्ही वाचतात.

त्यांना हा मुद्दा पटण्याचं कारणही होतं. १८६३ मध्येच जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसलेल्या विधवांनी इथे गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल हवं तर ठेवून जावं. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत ह्याला फुले पती-पत्नींनी दत्तकही घेतलं. विजयालक्ष्मीसारख्या पोरींची कहाणी कशी घडते, हे त्यांना पेपर वाचून नव्हे, रोजच्या व्यवहारातून माहीत होतं. म्हणून ताराबाईंचा राग त्यांना 'अति' वाटला नाही.

पुढचा भाग तर जास्तच भारी आहे. जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. ते डाव्या हाताने लिहायला शिकले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' हे शेवटचं पुस्तक पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले, पुस्तक १८९१ मध्ये छापून आलं. त्यात बाई श्रेष्ठ की पुरुष, हा प्रश्न पुन्हा येतो, आणि जोतीरावांचं उत्तर स्पष्ट असतं: बाई. एका पुरुषाने दोन-दोन बायका केलेल्या चालतात, तर एका बाईने दोन नवरे केले तर पुरुषांना चालेल का, असा रोखठोक सवालही ते करतात. म्हणजे ताराबाईंचा प्रश्न तीन-चार वर्षांत विसरून जाण्यासारखा त्यांना वाटला नव्हता. आजारपणातही तो त्यांच्यासोबत होता.

आणि ग्रुप तुटला का? तुटला नाही! ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांचा मोठा सत्कार झाला आणि त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली गेली. तो सत्कार मुंबईतल्या त्यांच्याच मंडळींनी घडवून आणला होता. ज्या 'दीनबंधु'ने 'असूड' पुरता छापला नाही, त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी पुढे विधवांचं केशवपन करायचं नाही म्हणून न्हाव्यांना एकत्र केलं. म्हणजे आपल्या माणसांना चार शब्द सुनावले की ती कायमची दुरावतात, हे आपलं गृहीतक बऱ्याचदा चुकतं. काही माणसं रागावतात, काही शिकतात, काही रागावूनही शिकतात.

पण दोस्त चुकला असेल तर?

इथे तुम्ही म्हणाल, ताराबाईंचं म्हणणं बरोबर होतं म्हणून ठीक आहे. आमचा मित्र तर सरळसरळ माती खाऊन आलाय. आता काय?

ह्याचंही उत्तर त्याच वर्षात सापडतं. १८८२ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ह्या पत्रांनी कोल्हापूरचे दिवाण बर्वे ह्यांच्यावर भयंकर आरोप केले. तिथल्या तरुण महाराजांचा छळ चाललाय म्हणून. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर आरोप केले होते ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर, दोघेही पंचविशी-सव्विशीतले तरुण, चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात गेले. सूट मिळून १०१ दिवसांनी सुटले.

ह्या खटल्याच्या वेळी दहा हजार रुपयांच्या जामिनासाठी उभे राहिले ते रामशेठ उरवणे. कोण होते हे? जोतीरावांचे स्नेही, सत्यशोधक मंडळींतले. आणि त्यांना पुढे करणारे खुद्द जोतीराव! टिळक-आगरकर त्यांच्या गोटातले नव्हते. पुढेही टिळकांशी त्यांचं फारसं जमलं नाही. बरं, पोरांनी खातरजमा न करता छापलं होतं, ही चूकही होती. पण त्यांनी सद्हेतूने लिहिलंय आणि आत्ता त्यांना गरज आहे, एवढं पुरेसं होतं. जामीन दिला म्हणजे 'पत्रं खरी आहेत' असं सर्टिफिकेट दिलं नाही. फक्त 'ही पोरं एकटी नाहीत' एवढं सांगितलं.

म्हणजे पर्याय दोनच नसतात. 'माझा मित्र कधीच चुकत नाही' हे एक टोक, आणि 'चुकलाय ना, मग भोगू दे' हे दुसरं. मध्ये बरीच जागा आहे. चूक त्याच्या तोंडावर सांगा, माफी मागायला लावा, आणि माफी मागायला जाताना त्याच्यासोबत जा.

चहाच्या पेल्यातलं खरंखुरं वादळ

आता एक वेगळीच केस बघा. ऑक्टोबर १८९०, पुणे. पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली बडी मंडळी गेली. रानडे, टिळक असे एकेक दिग्गज. कार्यक्रम संपल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. विषय तिथेच संपायचा. पण गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे नवरे) ह्या वल्लीने हजर असलेल्यांची यादीच वर्तमानपत्रात छापून आणली. कुठल्या? 'पुणे वैभव'मध्ये. हो, तेच ते ताराबाईंना भडकवणारं!

चाळीसहून जास्त नावं. स्क्रीनशॉट व्हायरल होण्याचा हा मराठीतला आद्य प्रकार म्हणायला हरकत नाही. गावात हलकल्लोळ. ख्रिश्चनांच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. प्रायश्चित्त घ्या, नाहीतर बहिष्कार. बहिष्कार म्हणजे ग्रुपमधून रिमूव्ह करण्याइतकं साधं नव्हे. घरी श्राद्धाला, मुंजीला भटजी मिळणार नाही. माहेरवाशिणीला जेवायला बोलावता येणार नाही. मुलीचं लग्न जमणार नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे मोठ्या हुद्द्यावरचे न्यायाधीश. त्यांना बहिष्कार परवडणारा होता. पण त्यांच्या ज्या मित्रांची नावं यादीत होती, त्यांतल्या काहींना तो परवडणारा नव्हता. घरात म्हातारे आईवडील, लग्नाच्या मुली. रानड्यांसारखा माणूस प्रायश्चित्त घेत नाही, तर आपण कसं घ्यायचं, आणि नाही घेतलं तर घर कसं चालवायचं, अशी त्यांची कोंडी. शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी स्वतः प्रायश्चित्त घेतलं. आपण पाप केलंय असं वाटत होतं म्हणून नव्हे, मित्रांची सुटका व्हावी म्हणून. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा प्रसंग सांगितलाय. आणि त्यांना स्वतःला हे अजिबात आवडलं नव्हतं, हेही लपवलेलं नाही.

सुधारकांच्या कंपूत रानड्यांवर चिक्कार टीका झाली. एवढा मोठा माणूस झुकला म्हणून! आणि टीकेत तथ्य होतंच. मित्र वाचले, पण चहा पिणं हा गुन्हा नाही हे ठणकावून सांगायची संधी गेली. जोतीरावांनी मुद्दा धरला आणि माणूसही धरला. रानड्यांनी माणूस धरला, मुद्दा सोडला. कोण बरोबर? ज्याच्या घरात लग्नाची मुलगी होती, त्याला विचारलं तर तो रानड्यांना दुवा देईल. लांबून बघणाऱ्याला जोतीराव मोठे वाटतील. आपण बहुतेक वेळा लांबून बघत असतो, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

मग आपण काय करायचं?

एवढी मोठी माणसं कुठे आणि आपलं फ्रायडे नाइटचं भांडण कुठे, असं वाटू शकतं. पण फंडे तेच आहेत.

जिथे मारलं, तिथेच बोला. चारचौघांत अपमान झाला असेल तर सांत्वन एकांतात करून भागत नाही. लांबलचक भाषण नको. 'तिचं म्हणणं मला पटतं' किंवा 'ही भाषा बरोबर नाही' एवढं एक वाक्यही पुरतं. पहिलं वाक्य बोलणारा सगळ्यात महागात पडतो, पण त्याच्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्याला तोंड उघडायला जागा मिळते.

माणूस आणि मुद्दा वेगळे ओळखा. मुद्दा पटत असेल तर तसं सांगा. पटत नसेल तर 'मला तुझं म्हणणं पटलेलं नाही, पण तुला असं बोललेलं मी खपवून घेणार नाही' असं म्हणता येतं.

समोरच्याला परतीचा रस्ता ठेवा. भांडणारा उद्याही आपल्याच टेबलावर डबा खाणार आहे. त्याने काय केलं ते बोला, तो कसला आहे ते बोलू नका. जोतीरावांना ज्यांच्याशी वाद घालावा लागला, त्यांच्यासोबत पुढेही काम करायचं होतंच.

ज्याच्यासाठी बोलताय, त्याला आधी विचारा. कधीकधी दोस्ताला तुमचं शौर्य नको असतं, प्रकरण मिटायला हवं असतं. तुमची बहादुरी आणि त्याची नोकरी, असं व्हायला नको. किंमत कुणाच्या खिशातून जाणार आहे, हे बघूनच आवाज चढवा.

आणि उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. ताराबाईंचं पुस्तक आलं १८८२ मध्ये, 'सत्सार' निघालं १८८५ मध्ये. मधे तीन वर्षं गेली. तरी ते लिहिणं फुकट गेलं नाही.

उरलेला हिशेब

फुकट गेलं नाही म्हणताना एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. एवढी धारदार लेखणी, एवढं वाचन, एवढा आवेश. पण 'स्त्रीपुरुषतुलना' हेच त्यांचं पहिलं आणि शेवटचं पुस्तक ठरलं. त्यानंतरही त्या बरीच वर्षं जगल्या, पण छापील पानावर पुन्हा दिसल्या नाहीत. एका माणसाने ठामपणे बाजू घेतली, तरी बाकीच्यांच्या गप्प बसण्याचा हिशेब त्याने एकट्याने फिटत नाही. म्हणून तर सात जणांनी खासगीत मेसेज पाठवण्यापेक्षा दोघांनी तिथेच बोलणं जास्त मोलाचं.

पुस्तक नंतर जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये डॉ. स. गं. मालशे ह्यांनी ते शोधून पुन्हा छापलं. १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन ह्यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि बुलढाण्याच्या ताराबाई जगभरच्या विद्यापीठांत पोचल्या. आज भारतातल्या स्त्रीवादी लिखाणाचा इतिहास सांगताना त्यांचं नाव अगदी सुरुवातीला येतं. ज्यांना त्या 'जास्तच बोलल्या' असं वाटलं होतं, त्यांचे आक्षेप आज कुणाला आठवत नाहीत. त्यांच्या बाजूने लिहिलेलं मात्र टिकून आहे.

तेव्हा पुढच्या वेळी लोणारला किंवा शेगावला जाताना वाट थोडी वाकडी करून बुलढाणा गावातून जा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं हे गाव आसपासच्या वऱ्हाडापेक्षा जरा गारच असतं. गाडीत चार-पाच दोस्त असतीलच. चहाला थांबाल तेव्हा त्यांना ताराबाईंची गोष्ट सांगा. आणि त्या चौघांत असा कुणी असेल, की ज्याला मागे तुम्ही रात्री उशिरा 'मी तुझ्याच बाजूने आहे' असा मेसेज पाठवला होता, तर ते वाक्य ह्या वेळी बाकीच्यांसमोर म्हणून टाका. चहा थंड व्हायच्या आत.